घराचा तपासनीस निवडताना: त्याने काय पाहिलं नाही, ते आधी वाचा

प्रश्न थोडक्यात असा: वीसेक वर्षं जुना फ्लॅट विकत घ्यायचा जवळजवळ ठरला आहे. व्यवहार जुळवणाऱ्या दलालाने घर तपासणाऱ्या एका माणसाचं नाव सुचवलंय. तो तासाभरात घर पाहून दोन पानी अहवाल देतो, फीही कमी घेतो. त्यालाच बोलवावं की दुसरा शोधावा? आणि शोधायचा तर बांधकामातलं काही कळत नसलेल्या माणसाने चांगला तपासनीस ओळखायचा कसा?

मी स्थापत्य अभियंता. पहिली आठ वर्षं साइटवर काढली आणि त्यानंतरची १९ वर्षं विकत घेणाऱ्यांसाठी घरं तपासतोय. तेव्हा आधी सरळ उत्तर देतो. दलालाने सुचवलेला माणूस घेऊ नका. तुम्ही स्वतः शोधलेल्या माणसालाही होकार देण्याआधी त्याने पूर्वी लिहिलेला एक अहवाल मागून घ्या, नाव-पत्ता खोडून दिला तरी चालेल. तो हातात आला की पहिल्यांदा एकच गोष्ट शोधा: आपल्याला काय पाहता आलं नाही, हे त्याने लिहिलंय का?

दलालाचं आधी संपवतो. सगळे दलाल खोटे असतात असं मी म्हणत नाही, मला सचोटीचे दलाल भेटलेले आहेत. पण दलालाला पैसे मिळतात ते व्यवहार पूर्ण झाल्यावर, आणि तपासनिसाला पुढची दहा कामं मिळणार असतात ती दलालाकडून. तुम्ही त्याला आयुष्यात एकदा, फार तर दोनदा काम देणार. असा माणूस नकळत मिंधा होतो. तो खोटं लिहीत नाही, शब्द मऊ करतो. ‘भिंतीत ओल आहे’ याचं ‘किंचित दमटपणा जाणवतो’ होतं. ‘स्लॅबची सळई उघडी पडली आहे’ याचं ‘किरकोळ डागडुजी अपेक्षित’ होतं. सुरुवातीच्या काळात मलाही एक दलाल नियमित कामं पाठवायचा. माझ्या अहवालांवरून लागोपाठ दोन व्यवहार फिसकटले आणि त्याचा फोन येणं बंद झालं. भांडण नाही, तक्रार नाही, फक्त कामं थांबली. त्या महिन्यांत घर चालवताना माझी ओढाताण झाली, म्हणून हा मोह किती खरा असतो ते मला ठाऊक आहे.

हीच गोष्ट दुरुस्तीची कामं घेणाऱ्याची. वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार ‘तपासणी फुकट’ म्हणतो तेव्हा ती तपासणी त्याच्या कामाची जाहिरात असते. त्याला प्रत्येक भिंतीत आपलं रसायन भरायला जागा दिसणार. म्हणून पहिल्या फोनवरच न लाजता विचारा: तुमची फी फक्त मीच देणार ना? दलाल, बिल्डर किंवा विकणारा यांच्याकडून तुम्हाला काही मिळतं का, किंवा तुम्ही त्यांना काही देता का? तुम्ही दाखवलेला दोष तुम्हीच दुरुस्त करून देता का? चांगला माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. मला तर हे प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक आवडतं.

आता अहवालाकडे येतो, कारण निवडीचा खरा निकाल तिथेच लागतो. मी वाचलेल्या एका अहवालातलं वाक्य असं होतं: ‘बाथरूमलगतच्या भिंतीस ओल दिसते. योग्य ती दुरुस्ती करून घ्यावी.’ हे वाचून तुम्ही काय करणार? कुठली भिंत, किती ओल, कशामुळे, आजच काही करायला हवं की वर्षभर थांबलं तरी चालेल, यातलं काहीच कळत नाही. तेच नीट लिहिलेलं असं असतं: ‘आतल्या बेडरूमची, बाथरूमला लागून असलेली भिंत. जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटर उंचीपर्यंत रंगाला फुगे, स्कर्टिंगच्या वर पांढरे क्षार फुललेले. ओल मोजायच्या मीटरचा आकडा याच भिंतीच्या वरच्या कोरड्या भागाच्या जवळजवळ तिप्पट. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर अर्धा तास पाहिला, काटा हलला नाही. त्यामुळे नळाच्या पाइपमधून गळती असण्याची शक्यता कमी वाटते. संशय बाथरूमच्या फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगवर किंवा सांडपाण्याच्या जोडावर. पलंगामागचा दीड मीटर भाग पाहता आला नाही.’

हे सहा-सात ओळींचं टिपण वाचून तुम्ही विकणाऱ्याशी बोलू शकता, प्लंबरला नेमकं काम सांगू शकता. आणि त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते मी कसं शिकलो ते सांगतो.

स्वतंत्र कामाच्या तिसऱ्या वर्षी मी एका जोडप्यासाठी घर तपासलं. हॉलच्या बाहेरच्या भिंतीला टेकून एक भलंमोठं लाकडी कपाट होतं. दुसऱ्याच्या घरातलं जड सामान तपासनीस हलवत नाही, ते बरोबरच आहे. मीही हलवलं नाही. भिंतीचा दिसणारा भाग पाहिला, मीटर लावला, सगळं कोरडं. अहवालात लिहिलं, ‘हॉल: भिंती कोरड्या.’ दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. जुना मालक कपाट घेऊन गेला होता, आणि त्यामागे जमिनीपासून छातीपर्यंत काळी बुरशी. मी बोट लावलं तर गिलाव्याचा पोपडा हातात आला, आत वाळू भिजलेली. त्या घरातल्या बाई मला एक शब्दही वावगं बोलल्या नाहीत. त्यांनी माझा अहवाल त्या पानावर उघडला आणि माझ्यासमोर ठेवला. मी फी परत केली, पण गिलावा पाडून नवा करण्याचा खर्च आणि त्रास त्यांच्याच वाट्याला आला. कपाटामागचं मला दिसणं शक्य नव्हतं. पण ‘कपाटामागची भिंत पाहिलेली नाही’ हे चार शब्द लिहिणं पूर्ण माझ्या हातात होतं. ते लिहिले असते तर त्यांनी घराचा ताबा घेण्याआधी कपाट बाजूला करायला लावलं असतं. तेव्हापासून प्रत्येक खोलीतली झाकलेली जागा मी फोटोसह लिहितो.

घराची तपासणी म्हणजे काही फोडता-उकलता न येता, डोळ्यांना आणि साध्या उपकरणांना जे सापडेल ते शोधणं. भिंतीच्या पोटातले पाइप, फरशीखालचं वॉटरप्रूफिंग, पाया, बंद फॉल्स सीलिंगच्या वरचा स्लॅब यातलं बरंच काही दिसत नाही. त्यामुळे प्रामाणिक अहवालात ‘पाहिलं नाही’चा भाग बऱ्यापैकी मोठा असतोच. मात्र इथे एक फसगत होते. काही अहवालांच्या शेवटी ‘झाकलेल्या भागांची तपासणी केलेली नाही, त्याबद्दल आम्ही जबाबदार नाही’ अशी दोन-तीन पानं छापलेली असतात. ती कुठल्याही घराला तशीच्या तशी चिकटवता येतात. त्याने तपासनिसाचे हात मोकळे होतात, तुमच्या हाती काही लागत नाही. ‘पूर्वेच्या भिंतीचा खालचा अर्धा भाग सोफ्यामागे होता, त्याच भिंतीच्या बाहेरच्या बाजूला पावसाच्या पाण्याचा पाइप उतरतो’ असं लिहिलेलं असेल, तर सोफा हलवून घ्यायचा हे तुम्हाला लगेच कळतं. नमुना अहवालात अशी निदान चार-पाच वाक्यं सापडली नाहीत तर पुढचा माणूस बघा.

शिक्षण आणि परवान्याबद्दल फार लिहीत नाही. काही ठिकाणी या कामाला परवाना लागतो, बऱ्याच ठिकाणी लागत नाही. जिथे लागत नाही तिथे कार्ड छापून कोणीही तपासनीस होऊ शकतो. अमेरिकेत १९७६ मध्ये तपासनिसांनी आपली संघटना काढली, ‘अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स’. तपासणीत किमान काय पाहायचं आणि नीतीने कसं वागायचं याचे लिखित नियम तिने घालून दिले. तुमचा तपासनीस असे कुठले लिखित नियम पाळतो का, हे विचारायला हरकत नाही. त्याहून उपयोगी प्रश्न म्हणजे, ‘या प्रकारची, एवढ्या वयाची घरं तुम्ही किती पाहिलीत?’ लाकडी सांगाड्याची घरं पाहण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, कॉलममधला गंज ओळखायची सवय नसते. उलटंही तितकंच खरं. नुसतं ‘हजारो घरं तपासली’ म्हटल्याने काही सिद्ध होत नाही.

उपकरणांनी मात्र लोक फार लवकर भारावतात, म्हणून तिथे जरा थांबतो.

ओल मोजायच्या साध्या मीटरला दोन सुया असतात. दोन सुयांमधून वीज किती सहज वाहते ते तो मोजतो. त्यावरचे टक्के बहुधा लाकडासाठी ठरवलेले असतात. गिलाव्यावर लावल्यावर येणारे ‘१८ टक्के’ म्हणजे गिलाव्यात १८ टक्के पाणी असा अर्थ होत नाही. शिवाय भिंतीत क्षार असतील किंवा मागे धातू असेल तर कमी ओल असतानाही आकडा चढतो. त्यामुळे एकाच जागी मीटर टेकवून ‘बघा, लाल दिवा लागला’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. जाणकार माणूस त्याच भिंतीवर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आकडे घेतो, कोरड्या भागाशी ताडून पाहतो, आणि मग पाणी कुठून येत असेल ते शोधायला पलीकडच्या बाजूला जातो.

थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच. तो भिंतीच्या आतलं काही पाहत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान रंगांत दाखवतो. ओल सुकताना ती जागा थंड होते, म्हणून निळसर दिसते. पण एसीचा झोत पडणारी जागाही निळसरच दिसते. आणि पाऊस थांबून चार महिने झाले असतील तर पावसात हमखास गळणारी भिंतही त्या चित्रात अगदी निर्दोष दिसू शकते. त्याला विचारा, ‘कॅमेऱ्यात डाग दिसला तर पुढे काय करता?’ ‘मीटरने पडताळतो’ हे उत्तर यायला हवं.

काँक्रीटवर आपटून आकडा देणारा एक हातोडा असतो, रिबाउंड हॅमर. तो पृष्ठभाग किती टणक आहे ते सांगतो. इथे एक विचित्र गोष्ट आहे. ताज्या काँक्रीटचा पीएच १२-१३ च्या घरात असतो, आणि त्या अल्कधर्मी वातावरणात आतली सळई सुरक्षित राहते. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, पीएच उतरतो आणि सळईचं ते कवच जातं. पण याच प्रक्रियेने काँक्रीटचा पृष्ठभाग जास्त टणक होतो, म्हणजे हातोड्याचा आकडा वाढतो! जुन्या इमारतीत नुसता हा आकडा दाखवून ‘काँक्रीट उत्तम’ म्हणणारा माणूस तुम्हाला नेमक्या चुकीच्या जागी निर्धास्त करतो. खरी शंका असेल तर थोडंसं काँक्रीट फोडून ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन मारतात. जिथे गुलाबी होतं तिथे अल्कधर्म शिल्लक आहे, जिथे रंग येत नाही तिथवर हवा पोचली आहे. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, आणि मालकाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. अशा वेळी ‘हे माझ्या आवाक्याबाहेर आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा’ असं लिहिणारा तपासनीस मला जास्त विश्वासाचा वाटतो. अर्थात प्रत्येक ओळीपुढे ‘तज्ज्ञांना दाखवा’ असेल, तर त्याने स्वतः काय केलं हेही विचारा.

फोनवर माणूस जोखायचा माझा आवडता प्रश्न भेगांचा आहे. ‘भिंतीला भेग दिसली तर ती गंभीर आहे की नाही, हे कसं ठरवता?’ ‘सगळ्या घरांना भेगा असतातच’ म्हणणारा नको, आणि ‘भेग म्हणजे धोका’ म्हणणाराही नको. ज्याला काम येतं तो उलट तुम्हालाच विचारतो: उभी, आडवी की तिरकी? किती रुंद, आणि कुठे जास्त रुंद? फक्त गिलाव्यात आहे की आत गेलीय? भिंतीच्या पलीकडेही दिसते का? कडा ताज्या आहेत की आत जुना रंग उतरलाय? बीम आणि वीटकाम जिथे भेटतात तिथली सरळ आडवी रेघ बहुतेक वेळा दोन वेगवेगळ्या मालांच्या कमीजास्त आकुंचनाची असते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. विटांच्या भिंतीत १ मिलिमीटरपर्यंतची भेग सहसा रंगकामात मिटते. ५ मिलिमीटरच्या पुढची, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली असेल तर पाया खचतोय का हे बघावंच लागतं.

रुंदी कमी असूनही मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती कॉलमच्या कोपऱ्याजवळून सरळ उभ्या जाणाऱ्या बारीक भेगेची. बरोबर त्याच रेषेत आत सळई असते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा लागते, आणि ती जागा तो वरचं काँक्रीट ढकलून मिळवतो. अशा ठिकाणी मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत वर जातो. आवाज टणटणीत असतो तोवर ठीक, मध्येच तो बद्द झाला की तिथे वरचा थर सुटलेला असतो. एका घरात त्या भेगेवर इतका सुबक रंग लावला होता की बॅटरी भिंतीला समांतर धरल्याशिवाय ती दिसलीच नाही. बॅटरी अशी तिरकी धरून पाहणं ही या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी युक्ती आहे, तुम्हीसुद्धा करून बघा.

विजेच्या बाबतीत एवढंच पाहा की तो बोर्ड नुसता उघडून फोटो काढत नाही. अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का हे त्याने सॉकेटवर तपासायला हवं, आणि शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तोही चाचणी करून पाहायला हवा.

वेळ. दोन-तीन खोल्यांचं घरही नीट पाहायला दोन ते चार तास लागतात. एका तासात तपासणी उरकणारा खोल्यांमधून फक्त फिरून येतो. आणि फ्लॅट असेल तर नुसता फ्लॅट पाहून भागत नाही, हे अनेक तपासनीसही विसरतात. फ्लॅटचं दुखणं बऱ्याचदा दाराबाहेर असतं. तळमजल्यावरचे पार्किंगमधले कॉलम, गच्ची, पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब, मागच्या डक्टमधले सांडपाण्याचे पाइप, यासाठी त्याने वेळ धरलाय का? पार्किंगच्या छतावर, बरोबर वरच्या बाथरूमखाली पिवळट-तांबूस डाग दिसले, तर वरच्या मजल्यांवर कुठेतरी पाणी मुरतंय हे सांगायला कुठलंच यंत्र लागत नाही.

तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा. ‘तुम्ही नका येऊ, अहवाल पाठवतो’ म्हणणारा टाळा. त्याच्या मागोमाग चाला, प्रश्न विचारा, त्याने दाखवलेल्या जागेवर स्वतः हात ठेवून बघा. कागदावरचा दोष आणि डोळ्यांनी पाहिलेला दोष यांचं वजन वेगळं वाटतं. कित्येकदा लोक किरकोळ गोष्टीने घाबरून चांगलं घर सोडतात, ते जागेवर दोन मिनिटं समजावून सांगितल्याने टळतं. मात्र ‘घेऊ का नको?’ हे त्याला विचारू नका, आणि तो आपणहून सांगायला लागला तर सावध व्हा. घराची अवस्था काय, कुठलं काम तातडीचं, कुठलं थांबू शकतं, एवढंच त्याने सांगायचं. घराची किंमत योग्य आहे का, कागदपत्रं स्वच्छ आहेत का, या गोष्टी त्याच्या नाहीत. कागदपत्रं वकिलाला दाखवा. फी मात्र आधी ठरलेली आणि ठोक असू द्या. घराच्या किमतीच्या टक्क्यांत किंवा व्यवहार झाला तरच द्यायची, अशी नको.

सही करण्याआधी त्याचा करारनामा पूर्ण वाचा. चूक झाल्यास जबाबदारी फक्त फीच्या रकमेपुरती, असं कलम बऱ्याच करारांत असतं. ते असलं म्हणून माणूस वाईट ठरत नाही, पण तुम्हाला माहीत हवं. व्यावसायिक चुकीसाठीचा विमा त्याने काढलाय का, तेही विचारा.

तुमच्या बाबतीत आता काय करायचं? दलालाच्या माणसाला नम्रपणे नाही म्हणा, आणि विकणाऱ्याकडून आठवडाभराची मुदत मागा. ‘तपासणीनंतर माघार घेता येईल आणि दिलेली रक्कम परत मिळेल’ हे वाक्य पैसे देण्याआधी करारात लिहून घ्या, नंतर ते कोणी घालत नाही. दोन-तीन तपासनिसांशी फोनवर बोला. त्यांनी काय उत्तर दिलं याबरोबर त्यांनी तुम्हाला काय विचारलं हेही ऐका. इमारत किती जुनी, कितवा मजला, आधी काही दुरुस्ती झालीय का, रंग कधी लावला, घरात सध्या कोण राहतं, पाणी-वीज चालू आहे का, असं विचारणारा माणूस मनातल्या मनात तपासणीला लागलेला असतो. एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली असेल तर ते त्याला आत्ताच सांगा.

आणि फ्लॅट बंद असेल तर आदल्या दिवशी मुख्य कॉक उघडून, वीज चालू करून ठेवायला सांगा. बंद घरात नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे बाथरूमच्या जाळीखाली साचून गटाराचा वास अडवणारं, पाणी आटलेलं असतं आणि गटाराचा वास येतो. तो वास नुसत्या कोरड्या ट्रॅपचा आहे की कुठला जोड फुटलाय, हे पाणी सोडून रात्र गेल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.